घरगुती धूर

‘घरगुती’ या शब्दाइतका सोवळा शब्द मराठीत दुसरा नसावा. लोणचं दुकानातलं असलं की त्यात रंग असतो, रसायन असतं आणि कारखानदाराची नियत असते. तेच लोणचं घरगुती म्हटलं की वर धरलेली बुरशी आपण चमच्याच्या दांड्याने बाजूला सारतो आणि “घरचं आहे, काही होत नाही” म्हणत खालची फोड उचलतो. घरगुती खानावळ, घरगुती शिकवण्या, घरगुती फराळ. भांडणसुद्धा घरगुती असलं की शेजारी सभ्यपणे आपली खिडकी लावून घेतात. म्हणजे ऐकू येण्यापुरती फट ठेवून लावून घेतात. वस्तू आपल्या घरात, आपल्या हाताने झाली की तिचं निम्मं पाप आपोआप धुऊन निघतं, अशी आपली सर्वांचीच समजूत आहे. माझीही होती. गेल्या पावसाळ्यात ती जरा खिळखिळी झाली, त्याची ही हकीकत.

झालं असं की, एका रविवारी आमच्या पनवेलच्या पावसाने छप्पर आणि चाळणी यांतला भेद मिटवला आणि मी ताडपत्री शोधायला माळ्यावर चढलो. आमच्या माळ्यावर काय नाही ते विचारा. वडील एस.टी.त मेकॅनिक होते. ‘टाकून देणे’ हे क्रियापद आमच्या घराण्यात कुणी चालवलेलंच नाही. तर तिथे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक वस्तू सापडली. अंग जुन्या टॉर्चचं, तोंड बॉलपेनचं, बाजूला एक बटण आणि भोवती लाल-काळी टेप. पहिल्या क्षणी वाटलं, बॉम्ब. दुसऱ्या क्षणी मी बटण दाबलं. (बॉम्ब वाटल्यावर बटण कशाला दाबलं, असं सौ.ने नंतर विचारलं. याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की समोर दिसेल ते बटण दाबायची सवय लागते. काही होत नाही याची खात्री असते.) इथे मात्र झालं. टोकातून पांढरी वाफ निघाली आणि माळाभर वेलदोड्याचा वास पसरला. आमच्याकडे हा वास फक्त सणाला येतो.

चिरंजीवांना बोलावणं गेलं. वय वर्षं सतरा, बारावी शास्त्र.

“हे काय आहे?”

“व्हेप.”

“म्हणजे?”

“म्हणजे ई-सिगारेट. घरी केलीय, बाबा.”

त्यातलं दुसरं वाक्य त्याने अगदी त्याच सुरात म्हटलं, ज्या सुरात त्याची आई पाहुण्यांना “श्रीखंड घरी केलंय” म्हणते. मी हात उगारला. उगारलेल्या हाताच्या बरोबर समोर ती वस्तू होती आणि माझं लक्ष तिच्या जोडकामाकडे गेलं. काय सुबक काम होतं! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. घरातला फ्यूज उडाला तर मी आधी मेणबत्ती शोधतो आणि मग वायरमनचा फोन नंबर. माझ्या पोटी हे असं हस्तकौशल्य जन्माला यावं याचा मला, खोटं कशाला बोला, अभिमानच वाटला. मुलाला मारावं की शाबासकी द्यावी हे न ठरल्यामुळे उगारलेल्या हाताने मी डोकं खाजवलं.

“कुणासाठी केलीस?”

“अण्णांसाठी.”

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे आमचे वडील. वय शहात्तर. चाळीस वर्षं एस.टी.च्या गाड्यांखाली उताणं पडून काढली आणि त्यांतली एकही मिनिटं विडीशिवाय काढली नाहीत. रोज एक बंडल. सकाळी त्यांचा खोकला सुरू झाला की आळीतले लोक घड्याळं लावतात. डॉक्टर छातीचा फोटो उजेडात धरतात, मान हलवतात. अण्णाही मान हलवतात आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता काडी ओढतात. लवंग झाली, बडीशेप झाली, सौ.ने बल्लाळेश्वराला नवस बोलून झाला. विडीची एक गंमत अशी की, ती सिगारेटसारखी आपली आपण जळत बसत नाही. ओढत राहिलं नाही तर विझते. म्हणजे माणसाला मन लावून ओढावी लागते, आणि अण्णा कुठलंही काम मन लावून करणारे.

तर नातवाने विचार असा केला होता की, विडी सुटत नाही तर निदान धूर सुटावा. जळणं नाही म्हणजे राख नाही, डांबर नाही, नुसती वाफ. या विचारात चूक काय आहे, हे मला तेव्हा सांगता येईना. सांगता येईना याचं आणखी एक कारण होतं. ते मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही, ते इथे सांगतो.

हाच उद्योग मी केला होता. साल बहुधा १९९१. मी सहावीत होतो. शाळेत विज्ञानाच्या तासाला गाळणीचा प्रयोग झाला आणि त्या संध्याकाळी मी पेनाच्या रिकाम्या नळीत कापूस भरून अण्णांना विडी ओढायची नळी करून दिली. आठ दिवसांनी कापूस काढून बघितला तर काजळीसारखा काळा-तपकिरी. एवढी घाण मी अण्णांच्या छातीबाहेर अडवली! मला झोप लागली नाही त्या रात्री आनंदाने. अण्णांनी ती नळी सगळ्या डेपोत दाखवली. “पोराने केलीय, घरी.” आणि महिन्याभरात एका बंडलाची दीड बंडलं झाली. आता भीती कसली? फिल्टर होता ना! पुढे मोठेपणी वाचलं की सिगारेट कंपन्यांनी १९५०नंतर हेच मोठ्या प्रमाणावर केलं. आधी फिल्टर आणला, मग ‘लाइट’ सिगारेट आणली, आणि लोकांनी निर्धास्तपणे जास्त खोल झुरके घेतले. कंपन्यांना त्यातून पैसा मिळाला. मला एक चिकटलेला कापूस आणि अण्णांची शाबासकी. जमाखर्चाच्या वहीत ती शाबासकी मी कुठल्या बाजूला मांडावी, हा हिशेब तेव्हापासून जुळलेला नाही.

या बाबतीत माझी संगत मात्र मोठी आहे. धुराशिवायच्या सिगारेटचं पेटंट अमेरिकेत १९६५ साली ज्याला मिळालं, तो हर्बर्ट गिल्बर्ट नावाचा माणूस भंगाराचा धंदा करायचा. म्हणजे आमच्या माळ्याचा अमेरिकन मालकच म्हणायचा. त्याची वस्तू कुणी बाजारात आणली नाही. आज जी ई-सिगारेट जगभर गेली, ती २००३च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने काढली. त्याचे वडील धूम्रपान करणारे, फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. तो स्वतःही ओढणारा. आपली सिगारेट त्या शोधानंतरही पूर्णपणे सुटली नाही, असं त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. बापाच्या छातीसाठी मुलाने काहीतरी ठोकठाक करावी ही परंपरा आमच्या पनवेलपुरती नाही, एवढाच दिलासा.

मी ती वस्तू कपाटात कुलपात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कायदा वाचला. मला कलमं वाचायला आवडतात. बँकेत दुसरं वाचायला काही नसतं. २०१९ साली आपल्या देशात ई-सिगारेटवर बंदीचा कायदा झाला. त्याची व्याख्या करणाऱ्याला मी मानलं. नाव काहीही असो, आकार कसाही असो, निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ काढणारं विजेवरचं उपकरण ते ई-सिगारेट. ‘तयार करणे’ यात नुसते भाग जुळवणंही आलं. पहिल्या गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी दोनदा वाचलं. ‘घरगुती’ला सूट कुठेही नाही. पुढे साठवणुकीचंही कलम निघालं तेव्हा माझी नजर आपोआप कपाटाकडे गेली. एका नगाला ‘साठा’ म्हणतात की नाही, हे कुणाला विचारावं तेही कळेना. विचारायला वकिलाकडे जायचं म्हणजे आधी कबुली द्यायची.

सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अहो, पण कोपऱ्यावरच्या टपरीवर विडी राजरोस मिळते ती?” याला कायद्यात उत्तर आहे, पण सौ.ला देण्याजोगं नाही. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२पासून बंदी आहे. भिंतींवरच्या पिचकाऱ्यांना अजून कुणी तसं कळवलेलं दिसत नाही. हुक्का पार्लरं २०१८मध्ये बंद झाली. विडी मात्र चालू आहे. तिकडे इंग्लंडात तर २०२३ साली सरकारनेच जाहीर केलं की दहा लाख सिगारेटवाल्यांना सिगारेट सोडण्यासाठी व्हेपचे संच देऊ. म्हणजे आमच्या चिरंजीवांनी जे माळ्यावर केलं, ते तिथे सरकार करतं, आणि इथे सरकार त्यासाठी आत टाकतं. दोन्ही सरकारांकडे डॉक्टर आहेत. मग बरोबर कोण?

“मला एवढं कळतं,” सौ. म्हणाली, “की पोराने आजोबांसाठी केलंय, आणि बाहेरचं काही आणलेलं नाही. सगळं घरातलं.”

आला, पुन्हा तोच शब्द आला.

माझी आजी, अण्णांची आई, मशेरी लावायची. बाजारची नाही हो! तंबाखू आणून रविवारी स्वतः तव्यावर भाजायची. त्या दिवशी घरातली पोरं शिंकत शिंकत अंगणात पळायची आणि शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. भाजलेली, घोटलेली, डबीत भरलेली ती काळी पूड बोटावर घेऊन आजी ओट्यावर बसे आणि दात घासता घासता अण्णांना विडीवरून शिव्या घाली. “अगं, तुझ्या हातात काय आहे?” असं अण्णांनी एकदा विचारलं. “माझं घरचं आहे,” आजी म्हणाली. तंबाखू तोच, आणि मशेरीने तोंडाचं काय होतं हे आज कुठलाही दाताचा डॉक्टर सांगेल. पण आजीचे दात शेवटपर्यंत काळे आणि मत शेवटपर्यंत ठाम राहिलं.

आणि आमच्या गावाला तर धूर ओढण्याला शास्त्राचाही आधार आहे. १८७२पासून धूतपापेश्वरचा औषधी कारखाना असलेलं हे गाव. इथे काढा आणि आसव यांवर न्हाव्याच्या दुकानातही चर्चा होते. अशाच एका चर्चेत मला कळलं की चरकाने धूमपान सांगितलंय. वाचनालयातून भाषांतर आणून पाहिलं. खरंच आहे. औषधांची वात, ओढायला नळी, नळी सरळ हवी, टोकाचं भोक बोराच्या बीएवढं. आंघोळीनंतर, जेवणानंतर, शिंकेनंतर अशा आठ वेळाही दिल्यात. पण लगेच पुढे कुणी ओढू नये याची यादी आहे, आणि ती बरीच लांब आहे. आपण शास्त्रातून नळी तेवढी उचलतो, यादी तिथेच ठेवतो. शिवाय चरकाच्या वेळी या देशात तंबाखूच नव्हता. तो आला फिरंग्यांबरोबर. १६०४च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने तो विजापुराहून अकबराच्या दरबारात नेला, तो नुसता पुडीत बांधून नव्हे, तर रत्नं जडवलेल्या, मीनाकाम केलेल्या लांब नळीसकट. हकीम नको म्हणत होते. बादशहाने दोनचार झुरके घेतले. त्याने स्वतः पुढे ती सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी घेतली. १६१७मध्ये जहांगिराला बंदी घालावी लागली. मला वाटतं, ती नळी जर ओबडधोबड असती ना, तर दरबाराने तंबाखूकडे ढुंकून पाहिलं नसतं. कारागिरी चांगली असली की माणूस वस्तूला नको तो मान देतो. माझाच हात हवेत थांबला होता की नाही?

बँकेत या बाबतीत आम्हाला फार सोपं असतं. कौंटरवर खोटी नोट आली की तिच्यावर शिक्का मारायचा, जप्त करायची, पावती द्यायची. परत द्यायची नाही. एखादी खोटी नोट अशी देखणी निघते की करणाऱ्याच्या बोटांना नमस्कार करावासा वाटतो. पण शिक्का मारायचा. नियमात ‘काम चांगलं असल्यास’ असा रकाना नाही. घरी मात्र शिक्का हातात घेऊन मी दोन दिवस नुसताच बसलो होतो, कारण समोर नोट नव्हती, पोरगा होता.

तिसऱ्या रात्री त्याचा खोकला ऐकला.

खोकत तो आधीपासूनच होता, पण पावसाळ्यात कोण खोकत नाही? सौ. आल्याचा काढा देत होती. त्या रात्री मात्र मला अण्णांच्या खोलीतला खोकला आणि त्याच्या खोलीतला खोकला एकापाठोपाठ ऐकू आला, आणि मी अंथरुणात उठून बसलो. अमेरिकेतली २०१९ची ती साथ मी वाचली होती. व्हेप ओढणारी धडधाकट माणसं एकाएकी फुप्फुसं निकामी होऊन दवाखान्यात आली. २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत आकडा २८०७वर गेला, त्यांत ६८ मृत्यू. मुख्य दोषी निघालं ई-जीवनसत्त्वाचं एक तेल. जे पोटात गेलं तर चालतं, अंगाला लावलं तर चालतं, ते छातीत गेलं की घात. आणि हा माल बहुतेकांनी कुठल्या दुकानातून घेतला नव्हता. मित्रांकडून, घरच्यांकडून, ओळखीपाळखीतून आला होता. म्हणजे घरगुती.

सकाळी मी कपाट उघडलं आणि ती वस्तू अण्णांसमोर ठेवली. नातू शेजारी उभा. सौ. दारात. मी सगळं सांगितलं. १९९१ची नळी वगळून.

अण्णांनी कानावरची विडी तोंडात धरली, पण पेटवली नाही. चष्मा लावला. स्क्रू ड्रायव्हर मागितला. पाच मिनिटांत सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, जसे ते कार्बुरेटरचे मांडत.

“सोल्डर कुणी केलं?”

“मी.”

“हात चांगला आहे.” मग त्यांनी एक जोड नखाने टोकरला. “पण तोंडात जायच्या वस्तूत सोल्डर घालतात? यात शिसं असतं. आणि हा सेल बघ, फुगलाय. माझ्या मिशीखाली फुटला असता.” चिरंजीव खाली बघत होते. “डेपोत आम्ही गाडी दुरुस्त केली की आधी स्वतः चालवून बघायचो. ब्रेक लागतो का ते. तू बघितलीस चालवून?”

“हो.”

“किती वेळा?”

“चव जमेपर्यंत.”

कुणीच काही बोललं नाही. पागोळ्यांचा आवाज येत होता. सतरा वर्षांचं पोर आजोबांची विडी सुटावी म्हणून रोज माळ्यावर बसून वाफ ओढत होतं, आणि आम्ही त्याला आल्याचा काढा देत होतो.

अण्णांनी तोंडातली विडी काढून हातात घेतली. “मी सतरा वर्षांचा होतो डेपोत लागलो तेव्हा,” ते म्हणाले. “हेल्पर. आमच्या उस्तादाचे हात कायम ग्रीसने भरलेले. तो गाडीखालून हाक मारायचा, ‘पोरा, विडी पेटवून दे.’ आता विडी पेटवायची म्हणजे एक झुरका घ्यावाच लागतो. मी काय हौसेने नाही रे ओढली पहिली. त्याला पेटवून द्यायला ओढली.”

एवढंच बोलून ते भाग गोळा करायला लागले. चाळीस वर्षांत मी ही गोष्ट ऐकली नव्हती. आमच्या घरात विडी शिरली ती सेवाभावाने. नळी झाली ती मायेपोटी. व्हेप झाली तीही मायेपोटीच. नावेच्या बाजूला एकही माणूस दुष्ट नाही आणि तरी शिल्लक खोकल्याचीच निघते. असा ताळेबंद माझ्यासमोर बँकेत आला असता तर मी चूक शोधायला रात्रभर थांबलो असतो.

चिरंजीवांना मी डॉक्टरांकडे नेऊन आणलं. छाती साफ आहे. दमदाटी करायचं काम मी डॉक्टरांवर सोपवलं होतं, ते त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं. सेल अण्णांनी स्वतः वेगळा बांधून जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे दिला, टॉर्चचं अंग माळ्यावर परत गेलं, आणि बॉलपेन माझं निघालं. ते धुऊन मी खिशाला लावलं आहे. नीट उठत नाही, पण वेलदोड्याचा वास येतो, त्यामुळे स्लिपा भरताना गिऱ्हाईकं ते परत द्यायला विसरतात.

अण्णांची विडी सुटली का, असं तुम्ही विचाराल. नाही. पण आता ते घरात ओढत नाहीत. मागच्या पायरीवर, नातू कॉलेजात गेल्यावर ओढतात. नातू संध्याकाळी आल्यावर टॉर्च घेऊन मागच्या अंगणातली थोटकं मोजतो आणि माझ्या बँकेच्या जुन्या डायरीत तारीखवार लिहितो. सुरुवातीला सोळा-सतरा असायची. परवा नऊ होती. काल अकरा झाली म्हणून त्याने जाब विचारला, तर अण्णा म्हणाले, त्यांतली दोन परवाची आहेत, पावसाने वाहून आली. डायरीत त्या दोन थोटकांपुढे सध्या प्रश्नचिन्ह आहे. खात्री करून घ्यायला म्हणून आज संध्याकाळी मलाही टॉर्च धरायला बोलावलं आहे.